आडवाटेच्या उपयुक्त वाहनांची निगा व प्रवासपूर्व तपासणी

पक्की सडक नसलेल्या, डोंगराळ, चिखलाच्या अथवा खडकाळ भूभागातून माणसे व माल यांची ने-आण करू शकणाऱ्या हलक्या मोटारवाहनांना आडवाटेची उपयुक्त वाहने म्हणता येईल. जीप, जीपच्या सांगाड्यावरून विकसित झालेल्या मालगाड्या (पिकअप), हलके ट्रक आणि तीनचाकी व चारचाकी टेंपो यांचा या वर्गात समावेश होतो. अशा वाहनाच्या सुट्या भागांची ठरावीक कालावधीने केली जाणारी साफसफाई, वंगण, समायोजन व बदल यांना ‘निगा’ म्हणतात; तर प्रत्येक फेरीपूर्वी चालकाने स्वतः फिरून, पाहून व हाताने चाचपून केलेली पाहणी म्हणजे ‘प्रवासपूर्व तपासणी’ होय. निगा कार्यशाळेत होऊ शकते. तपासणी मात्र वाहन जेथे उभे असेल तेथेच व चालकालाच करावी लागते.

पुण्यातील गुलटेकडी येथील मार्केट यार्ड हे या वाहनांच्या नित्य वापराचे ठळक स्थळ आहे. पुरंदर, भोर, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर इ. तालुक्यांतील शेतमाल शिवारातील कच्च्या वाटेने निघतो, घाट उतरतो आणि बहुतांशी रात्री वा पहाटे येथे पोहोचतो. एकाच फेरीत शेताचा बांध, घाटाचा उतार व शहराची गर्दी यांना तोंड देणाऱ्या या वाहनांच्या निगेचा इतिहास म्हणजे केवळ यंत्रविद्येच्या प्रगतीचा इतिहास नव्हे. वाहन सुस्थितीत ठेवण्यास लागणारा वेळ कोणाचा आणि त्याचा मोबदला कोणी द्यावयाचा, या प्रश्नाची वेगवेगळ्या काळांत मिळालेली उत्तरेही त्यात दिसतात.

बैलगाडीचा काळ : सह्याद्रीच्या घाटांतून गाडीवाटा होण्यापूर्वी मालवाहतूक मुख्यत्वे वंजाऱ्यांच्या बैलतांड्यांवर अवलंबून होती. पुणे-मुंबई मार्गावरील बोरघाटातून १८३० मध्ये गाडीरस्ता खुला झाल्यावर व पुढे इतर घाटरस्ते बांधले गेल्यावर देशावरील बैलगाडी लांब पल्ल्याच्या वाहतुकीत आली. बैलगाडीचे चाक तुंबा, आरे, पुठ्ठे व त्यांवर चढविलेली लोखंडी धाव यांचे बनलेले असे. धाव तापवून प्रसरण पावलेल्या स्थितीत पुठ्ठ्यांवर बसवीत व लगेच पाणी ओतून थंड करीत. आकुंचनामुळे ती लाकडाला घट्ट आवळून बसे. उन्हाळ्यात लाकूड सुकले की धाव सैल होई. म्हणून चाके ओढ्याच्या वा नदीच्या पाण्यात भिजत ठेवण्याची पद्धत होती. आस व तुंबा यांमधील घर्षण कमी करण्यासाठी वंगण लागे व त्याचे भांडे गाडीखाली टांगलेले असे. निघण्यापूर्वी आसाची खीळ जागेवर आहे की नाही, धाव वाजते काय, जू व सापत्या ठीक आहेत काय आणि बैलांचे खांदे व खूर दुखावले आहेत काय, हे गाडीवान पाहत असे.

या पाहणीमागे ग्रामव्यवस्थेचा आधार होता. सुतार व लोहार हे गावचे बलुतेदार असत. शेतीच्या अवजारांची वर्षभराची डागडुजी ते सुगीच्या वेळी मिळणाऱ्या धान्याच्या बलुत्यावर करीत. नव्या गाडीचा किंवा चाकाच्या मोठ्या कामाचा मोबदला निराळा ठरे. म्हणजे निगेचा खर्च प्रत्येक खेपेच्या भाड्यातून काढावा लागत नसे. त्याचा बराचसा भाग वार्षिक व्यवस्थेत आधीच सामावलेला असे. बलुतेदारीतील जातीची बंधने व मोबदल्यातील विषमता लक्षात घेतली, तरी निगा हे एक नित्याचे व मोबदल्याचे काम आहे ही समजूत त्या व्यवस्थेत रुजलेली होती, असे म्हणावे लागते. मोटारयुगात हीच समजूत पुन्हा नव्याने घडवावी लागली.

जीप व लष्करी पद्धती : हलक्या आडवाटेच्या वाहनाची संकल्पना दुसऱ्या महायुद्धात पूर्णत्वास गेली. १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने चारही चाकांना चालना असलेल्या हलक्या टेहळणी वाहनाची मागणी केली. अमेरिकन बँटम या कंपनीने पहिला नमुना तयार केला. मोठ्या प्रमाणावरील उत्पादन मात्र विलिज-ओव्हरलँड व फोर्ड या कंपन्यांनी केले. युद्धकाळात सु. ६,४०,००० जीपगाड्या तयार झाल्या. सु. २.२ लिटर क्षमतेचे, चार सिलिंडरांचे व ६० अश्वशक्तीचे एंजिन, मागील व पुढील दोन्ही आसांना शक्ती पुरविणारी दंतचक्रपेटी आणि साधी, उघडी रचना ही या गाडीची वैशिष्ट्ये होती. उघड्या रचनेमुळे बहुतेक भाग चालकाच्या नजरेस व हातास सहज येत.

इतक्या मोठ्या संख्येने वाहने नवशिक्या चालकांच्या हाती दिल्यावर ती टिकविणे हाच एक लष्करी प्रश्न बनला. त्यावर अमेरिकन सैन्याने देखभालीची श्रेणीबद्ध पद्धत वापरली. तीत सर्वांत खालची व म्हणूनच सर्वांत महत्त्वाची श्रेणी चालकाची होती. जीपविषयीच्या १९४४ मधील तांत्रिक पुस्तिकेत चालकाच्या कामाचे चार भाग पाडलेले आढळतात : वाहन चालविण्यापूर्वीची तपासणी, चालवीत असतानाची दक्षता, थांब्यावरील पाहणी आणि काम संपल्यानंतरची व आठवड्याची सेवा. चालविण्यापूर्वी इंधन, तेल व पाणी, गळती, दर्शक यंत्रे, दिवे, चाकांचे नट, टायर, निलंबन म्हणजे पाटे व त्यांचे आधार, सुकाणू यंत्रणेचे दुवे, ओढजोडणी, लादलेला माल व हत्यारे यांकडे क्रमाने पाहावयाचे असे. ‘आर्मी मोटर्स’ या लष्करी नियतकालिकात विल आइझ्नर या चित्रकाराने निष्काळजी सैनिकाच्या व्यंगचित्रांद्वारे हाच विषय सोपा करून मांडला आणि १९५१ मध्ये प्रतिबंधक देखभालीला वाहिलेले ‘पीएस’ हे मासिक सुरू झाले.

लेखी यादीनुसार तपासणी करण्याची प्रथा विमानविद्येत याआधीच रूढ होऊ लागली होती. १९३५ मध्ये अमेरिकेतील राइट फील्ड येथे बोइंग कंपनीचे एक नवे बाँबफेकी विमान उड्डाण करताच कोसळले. नियंत्रक पृष्ठांना विमान उभे असताना लावलेली अडसर-कळ काढावयाची राहून गेली होती. विमानाचा चालक अत्यंत अनुभवी होता. अनुभवी माणसाची स्मृतीही ऐन वेळी दगा देऊ शकते, हा त्या दुर्घटनेचा धडा होता व त्यातून उड्डाणपूर्व यादीचा प्रसार झाला. पुढे करमणुकीच्या व शेतीच्या सर्वभूमी-वाहनांचा प्रसार झाला. त्यांचा आरंभ १९७० मध्ये होंडा कंपनीने अमेरिकेत विक्रीस आणलेल्या तीनचाकी गाडीपासून मानतात. या वाहनांच्या चालकांना देण्यात येणाऱ्या प्रशिक्षणातही टायर व चाके, नियंत्रक, दिवे, तेल व इंधन आणि सांगाडा अशा क्रमाची पूर्वतपासणी समाविष्ट झाली. उलटण्याच्या धोक्यामुळे तीनचाकी प्रकाराची अमेरिकेतील विक्री १९८८ मध्ये थांबविण्यात आली.

भारतात ब्रिटिश अमदानीतील सैन्याच्या वाहनांची दुरुस्ती व देखभाल यांसाठी १९४३ मध्ये विद्युत् व यांत्रिक अभियंत्यांचे स्वतंत्र दल उभारण्यात आले. खडकी व देहूरोड येथील लष्करी आस्थापनांमुळे पुणे परिसर या कामाशी निकटचा परिचित होता. लष्करी पद्धतीचा गाभा यादीच्या लांबीत नव्हता. तपासणीसाठी दिवसातील वेळ नेमून दिलेला असे, तो वेळ नोकरीचाच भाग असे आणि तपासणी होते की नाही हे पाहण्याची जबाबदारी वरिष्ठांवर असे, हा तिचा गाभा होता.

महाराष्ट्रातील उत्पादन व प्रसार : मुंबई येथे १९४५ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे महिंद्र अँड महिंद्र या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीने स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास विलिज जीपचे सुटे भाग आणून जुळणी सुरू केली. सरकारी खाती, साखर कारखाने, सहकारी संस्था व बागायतदार यांच्याकडे जीप पोहोचली. पुण्याच्या दृष्टीने दुसरी महत्त्वाची घटना म्हणजे १९५८ मध्ये फिरोदिया कुटुंबाने जर्मन कंपनीच्या सहकार्याने स्थापन केलेली बजाज टेंपो ही कंपनी होय. तिचा कारखाना पुढे पुण्याजवळ आकुर्डी येथे आला. तिच्या तीनचाकी ‘हॅन्सीट’ गाडीमुळे ‘टेंपो’ हे व्यापारी नाव मराठीत हलक्या मालगाडीचे सामान्यनाम झाले. १९६९ मध्ये याच कंपनीची चारचाकी ‘मॅटाडोर’ आली. कंपनीचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स असे बदलले. टेल्को (नंतरची टाटा मोटर्स) कंपनीच्या पुण्यातील कारखान्यातून १९८६ मध्ये ‘४०७’ हा हलका ट्रक आणि २००५ मध्ये ‘एस’ ही छोटी चारचाकी मालगाडी बाहेर पडली. ही छोटी गाडी ‘छोटा हत्ती’ या नावाने लोकप्रिय झाली. वाहनांच्या चाचणीचे कार्य करणारी भारतीय ऑटोमोटिव्ह संशोधन संस्था पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झाली.

प्रत्येक नव्या वाहनाबरोबर तपासणीचा एकेक नवा विषय चालकाला शिकावा लागला. हॅन्सीटचे एंजिन द्विधाव प्रकारचे असल्याने वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे. मिश्रण चुकल्यास दट्ट्या सिलिंडरात अडकून बसे. डीझेल एंजिन आल्यावर इंधनातील पाणी गाळणीच्या तळातून काढणे आवश्यक झाले आणि टाकी पूर्ण रिकामी होऊ न देण्याची दक्षता घ्यावी लागली. कारण इंधननलिकेत हवा शिरली, म्हणजे चालकांच्या भाषेत ‘एअर धरली’, की ती काढून टाकल्याखेरीज एंजिन सुरू होत नाही.

मार्केट यार्डाकडील वाहतूक : पुण्यातील भाजीपाल्याचा व्यापार दीर्घकाळ १८८६ मध्ये बांधून झालेल्या मंडईत व तिच्या परिसरात, तर धान्य, गूळ व किराणा यांचा घाऊक व्यापार पूर्वेकडील पेठांत चालत असे. अरुंद रस्ते व वाढती आवक यांमुळे घाऊक व्यापार टप्प्याटप्प्याने गुलटेकडीच्या प्रशस्त आवारात हलविण्यात आला. १९६३ च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन अधिनियमाखाली बाजार समितीच्या नियंत्रणात हा व्यवहार चालू लागला. फळे, भाजीपाला, कांदा-बटाटा, फुले आणि गूळ-भुसार असे त्याचे विभाग आहेत.

नाशवंत माल व पहाटेचा बाजार यांमुळे वाहनाच्या वेळेला येथे विशेष महत्त्व आले. पुरंदर तालुक्यातील अंजीर हे याचे चांगले उदाहरण आहे. झाडावर पिकलेले अंजीर एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. गाडी दिवे घाटात बंद पडून बाजार हुकला, तर त्याचा भाव पुन्हा मिळत नाही. या घाईचा दुहेरी परिणाम होतो. वाहन बंद पडणे परवडत नाही म्हणून तपासणी अगत्याची ठरते आणि उशीर परवडत नाही म्हणून तीच प्रथम टाळली जाते. शेतात माल भरण्यास वेळ लागला की तो वेळ भरून काढण्यासाठी गाडीभोवतीची फेरी वगळली जाते.

तपासणीचे स्वरूप व कारणमीमांसा : भरलेल्या पिकअपच्या प्रवासपूर्व तपासणीस साधारण दहा मिनिटे पुरतात. तेल व शीतक द्रव यांची पातळी एंजिन थंड असताना व गाडी सपाट जागी उभी असताना पाहावी लागते. गरम विकिरकाचे झाकण उघडल्यास दाबाखालील द्रव उसळून भाजण्याचा धोका असतो. गाडी रात्रभर जेथे उभी होती तेथील जमिनीवरचे डाग गळतीची पहिली सूचना देतात : काळसर डाग एंजिनाच्या तेलाचा, तर चाकाच्या आतील बाजूस दिसणारा ओलावा बहुधा गतिरोधक द्रवाचा असतो. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून त्याचा ताण व त्यावरील चिरा पाहतात.

टायरमधील हवा प्रवासापूर्वी, टायर थंड असतानाच मोजावी. चालल्यानंतर तापमानाबरोबर दाब वाढतो व मोजमाप फसवे ठरते. मागे जोडटायर असलेल्या गाडीत आतील टायर बसला असला, तरी बाहेरील टायर भार पेलत असल्याने तो डोळ्यांना समजत नाही. म्हणून चालक टॉमीने टायरवर ठोका मारून आवाज ऐकतात. भरलेला टायर टणक व उसळता, तर हवा कमी असलेला बद्द आवाज देतो. चारचाकी वाहनाच्या टायरावरील नक्षीची खोली १.६ मिमी. पेक्षा कमी असता कामा नये, असा नियम आहे. चाकाच्या नटाभोवती गंजाची ताजी रेघ दिसल्यास तो नट सैल झाल्याचे समजतात. पाट्यांपैकी एखादा तुटला असल्यास गाडी एका बाजूस झुकलेली दिसते.

गतिरोधकांची तपासणी घाटमार्गावर निर्णायक ठरते. पेडल दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली जात असल्यास गळतीचा, तर मऊ लागत असल्यास नळ्यांत हवा असल्याचा संशय घ्यावा. गतिरोधक द्रव हवेतील आर्द्रता शोषून घेतो व त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. लांब उतारावर सतत पाय दाबून ठेवल्यास ढोल व अस्तरे तापतात. जुना द्रव उकळून त्याची वाफ होते आणि वाफ दाबली जात असल्याने पेडल निकामी होते. यासाठी द्रव ठरावीक काळाने बदलणे ही निगा आणि उतारापूर्वीच खालचा गिअर घालून एंजिनाचा रोध वापरणे ही चालनपद्धती, या दोहोंची जोड लागते.

आडवाटेमुळे काही कामे वाढतात. धुळीच्या मोसमात हवागाळणी वारंवार साफ करावी लागते. धूळ सिलिंडरात गेल्यास कड्या व भिंती झिजून तेल जळू लागते. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढल्यानंतर गतिरोधक हलके दाबून सुकवावे लागतात. आसपेटीतील तेल दुधासारखे दिसल्यास त्यात पाणी शिरले असे समजून ते बदलतात; तसे न केल्यास दंतचक्रे व धारवे म्हणजे बेअरिंगे गंजतात. फिरत्या दांड्याचे सांधे व सुकाणूचे दुवे यांना ग्रीस भरताना जुने, मातीमिश्रित ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावयाचे असते. खंडेनवमी-दसऱ्याला वाहने धुऊन त्यांची पूजा करण्याची महाराष्ट्रात प्रथा आहे. स्वच्छ धुतलेल्या सांगाड्यावर गळती व तडे चटकन दिसतात, हे या प्रथेचे व्यावहारिक अंगही लक्षात घेण्याजोगे आहे.

कायदा व जबाबदारी : १९३९ च्या मोटारवाहन अधिनियमाने व्यवसायी वाहनांना योग्यता प्रमाणपत्र आवश्यक केले व १९८८ च्या अधिनियमात ती तरतूद कायम राहिली. २०१८ मधील दुरुस्तीनुसार आठ वर्षांपर्यंतच्या परिवहन वाहनास दोन वर्षांसाठी व त्याहून जुन्या वाहनास एक वर्षासाठी प्रमाणपत्राचे नूतनीकरण होते. हे प्रमाणपत्र तपासणीच्या दिवशीची स्थिती दाखविते. दुसऱ्या दिवशी सैल झालेल्या नटाबद्दल ते काही सांगू शकत नाही. ही उणीव अधिनियमातील दुसऱ्या एका तरतुदीने भरून काढली आहे. सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविणे धोक्याचे ठरेल असा दोष चालकास ठाऊक असला किंवा साधारण काळजी घेतली असता तो आढळू शकला असता, तर असे वाहन चालविणे किंवा चालवू देणे हा गुन्हा आहे. ‘साधारण काळजी’ या शब्दांत प्रवासपूर्व तपासणीच अभिप्रेत आहे आणि ती चालकाइतकीच गाडी रस्त्यावर पाठविणाऱ्यालाही लागू पडते.

या काळजीस लागणाऱ्या वेळेचा विचार १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमात झाला होता. प्रत्यक्ष वाहन चालविण्याच्या वेळेखेरीज वाहनाची निगा व दुरुस्ती, ते ताब्यात घेणे व जागेवर लावणे यांत जाणारा वेळ ‘दुय्यम काम’ म्हणून कामाच्या तासांत धरावा, असे त्याने ठरविले. मात्र हा अधिनियम पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या राज्य परिवहन सेवेकडे स्वतःची आगारे व दापोडी येथील मध्यवर्ती कार्यशाळा होती आणि तेथे निगा हे पगारी काम म्हणून स्थिरावले. एक-दोन गाड्यांचा मालक व त्याचा चालक हे मात्र त्या अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहिले आणि मार्केट यार्डाकडे येणारी पुष्कळ वाहने अशाच मालकांची असतात. पुढे हा अधिनियम व्यवसायविषयक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती यांसंबंधीच्या २०२० च्या संहितेत समाविष्ट करण्यात आला.

बैलगाडीच्या काळात निगेचा भार गावाच्या वार्षिक व्यवस्थेने उचलला, सैन्यात तो दिनक्रमाने उचलला व मोठ्या परिवहन संस्थांत वेतनाने उचलला. खेपेवर भाडे ठरणाऱ्या छोट्या वाहनाच्या बाबतीत तो चालकाच्या झोपेतून किंवा घाईतून निघतो. तपासणीची यादी आज प्रत्येक वाहनासोबतच्या पुस्तिकेत छापलेली असते. ती वाचण्यापुरता व गाडीभोवती एक फेरी मारण्यापुरता वेळ भाड्याच्या हिशेबात धरला जातो किंवा नाही, यावरच घाटातील त्या वाहनाची व त्यातील माणसांची सुरक्षितता अवलंबून राहते.